समाधान वाटणे आणि समाधान मानणे

दात्याच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणारे पेशीपुंज वेगळे करून ते रुग्णाच्या यकृतात सोडण्याच्या उपचारास २००० साली कॅनडातील एडमंटन येथील प्रयोगाने मोठी चालना मिळाली. तेथील सातही रुग्णांचे इन्सुलिन सुटले होते. पुढे पाच वर्षांनंतर इन्सुलिनवाचून राहू शकणारे सुमारे एकदशांशच उरले. तथापि बहुसंख्यांच्या शरीरात रोपित पेशी अंशतः कार्य करीत होत्या. इन्सुलिनची मात्रा घटली होती आणि साखर अकस्मात उतरून शुद्ध हरपण्याचे भयही ओसरले होते. पुन्हा सुई हाती घेतलेला असा रुग्ण उपचाराविषयी समाधानी म्हणावा काय?

हे मोजण्यासाठी क्लेअर ब्रॅडली यांची आठ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. प्रत्येक उत्तरास शून्य ते सहा गुण. परंतु प्रश्न मराठीत येताच अडचण उभी राहते. ‘समाधान वाटते’ यात तृप्ती आहे, ‘समाधान मानतो’ यात तडजोड. आणि नुसते ‘समाधान आहे’ म्हटल्यास दोहोंतील भेद लोपतो. पेण-रोहे भागातील एखादा रुग्ण ‘आता दोनदाच टोचतो, समाधान आहे’ म्हणाला, तर गुण किती द्यावेत?

दुसरा पेच याहून अवघड. बोलण्यात मधुमेहही ‘शुगर’ आणि रक्तातील साखरही ‘शुगर’च. ‘शुगर कमी झाली’ हे वाक्य एकाच्या तोंडी सुवार्ता असते, दुसऱ्याच्या तोंडी संकट. प्रश्नावलीतील एक प्रश्न तर साखर नको तितकी उतरण्याविषयीच आहे. तेथे ‘घाम सुटून, हातपाय कापून चक्कर आली काय?’ असे विचारणे अधिक निःसंदिग्ध ठरते, मग मूळ वाक्यरचना मोडली तरी चालेल.