शिरूर लोकसभा मतदारसंघ: ग्रामीण जुन्नर-आंबेगाव आणि नागरी मतदारांचे वाढते प्रमाण

संसदीय लोकशाहीत मतदारसंघाच्या सीमा कोणत्या निकषांवर आखल्या जातात, यावर प्रतिनिधित्वाचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हे दोन्ही तालुके पूर्वी खेड लोकसभा मतदारसंघात होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना केली. तीत खेड मतदारसंघ संपुष्टात येऊन २००८ मध्ये शिरूर मतदारसंघ निर्माण झाला. जुन्नर, आंबेगाव, खेड आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर हे त्याचे सहा विधानसभा विभाग होत. एका टोकाला माळशेज व भीमाशंकरच्या परिसरातील आदिवासी पाडे आणि दुसऱ्या टोकाला भोसरीची औद्योगिक वसाहत व हडपसरच्या गृहसंकुलांच्या रांगा, असा हा विस्तार आहे. संख्येचा निकष तालुक्याच्या सीमेलाही जुमानत नाही. आंबेगाव विधानसभा मतदारसंघाला शिरूर तालुक्यातील काही गावे जोडलेली आहेत. (ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे.)

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या मतदारसंघात २५ लाखांहून अधिक मतदार होते. त्यांपैकी भोसरी व हडपसर येथे प्रत्येकी ५ लाखांहून अधिक, तर जुन्नर व आंबेगाव येथे प्रत्येकी सुमारे ३ लाख मतदारांची नोंद होती. येथे एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. लोकसभेसाठी हडपसरच्या आणि जुन्नरच्या मतदाराच्या मताचे मूल्य समान असते. साहजिकच नागरी मतदारांचे संख्याबळ तेथे पूर्णपणे प्रकट होते. विधानसभेत मात्र दोन्ही विभागांना एकेकच आमदार मिळत असल्याने जुन्नरच्या मताचे वजन हडपसरच्या मताच्या दीडपटीहून अधिक भरते.

जर्मनीतील तरतूद याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. तेथील बुंडेस्टागसाठी २९९ मतदारसंघ आहेत. मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक ढळू नये अशी अपेक्षा असून, हे अंतर २५ टक्क्यांपलीकडे गेल्यास सीमा बदलणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे वाढत्या शहरांभोवतीच्या सीमा वारंवार हलतात. शिरूरमधील सहा विभागांची मतदारसरासरी सव्वाचार लाखांच्या आसपास येते. त्या मापाने जुन्नर व आंबेगाव चतुर्थांशाहून खाली आणि हडपसर बरेच वर दिसते. (जर्मन कायदा मतदार नव्हे, लोकसंख्या मोजतो व तीतून परकीय नागरिक वगळतो, त्यामुळे ही तुलना स्थूलच मानावी.)

तथापि संख्याबळावरून राजकीय नेतृत्वाचा अंदाज बांधणे येथे फसवे ठरते. २००९ व २०१४ मध्ये विजयी झालेले शिवाजीराव आढळराव पाटील आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीचे, तर २०१९ व २०२४ मध्ये निवडून आलेले डॉ. अमोल कोल्हे जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. शहरी विभागांतील अनेक कुटुंबांची मुळे उत्तर पुण्याच्या गावांत आहेत, हे यामागील एक कारण असावे. कांद्याचे निर्यातधोरण, बिबट्यांचा उपद्रव किंवा पुणे-नाशिक लोहमार्ग हे विषय संसदेत मांडले जातात, त्यालाही ही पार्श्वभूमी आहे. आदिवासी पट्ट्याची स्थिती मात्र निराळी आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा कोसळून आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे वेधले. परंतु विखुरलेल्या व अल्पसंख्य वस्तीला मतपेटीतून असे लक्ष वेधून घेता येत नाही.

२००१ च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. नव्या आकड्यांवर पुनर्रचना होईल तेव्हा भोसरी-हडपसरसारख्या विभागांचे विभाजन अटळ दिसते. राज्याच्या वाट्याच्या जागा तेवढ्याच राहिल्या, तर जुन्नर व आंबेगाव यांच्या सीमा अधिक रुंदावतील आणि आज प्रत्येकी एक आमदार देणाऱ्या या तालुक्यांना आपल्या मतदारसंघात शेजारच्या तालुक्यांची आणखी गावे सामावून घ्यावी लागतील.