दोन रेघा आणि एक छेदिका

एका प्रतलात असूनही कितीही वाढविल्या तरी एकमेकींना न मिळणाऱ्या रेषा त्या समांतर रेषा, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. पाठ करताना एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ‘कितीही वाढविल्या तरी’ हे पाहून आले कोण? हिंगोलीच्या स्टेशनावर उभे राहून पूर्णेच्या दिशेने पाहा. समांतरपणाचे उदाहरण म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते दोन रूळ दूरवर एकमेकांना मिळालेले दिसतात. डोळा सांगतो, मिळाले. व्याख्या सांगते, मिळत नाहीत. रेघेच्या टोकापर्यंत जाऊन निवाडा करावा, तर रेघेला टोकच नाही.

हा पेच सुटतो तो तिसऱ्या रेघेने. दोन रेघांना दोन वेगळ्या ठिकाणी कापून जाणाऱ्या या रेघेला भूमितीत छेदिका म्हणतात. दोघांच्या भांडणात तिऱ्हाइताने मध्ये पडावे, तशी ती मध्ये पडते आणि जागच्या जागी, हाताच्या अंतरावर, अनंताचा निकाल देते. आठवीच्या पुस्तकातला हा छोटासा धडा मला सगळ्या भूमितीत मोलाचा वाटतो. मी शाळा सातवीत सोडली. पुढची भूमिती जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर आणि बांधकामावरच्या माणसांच्या हातांकडे पाहून शिकलो. त्यामुळे माझी उदाहरणे फळ्यावरची कमी आणि जिन्यावरची जास्त असतील, त्याला श्रोत्यांनी हरकत घेऊ नये.

प्रथम नावे नीट समजून घेऊ. कागदावर आडव्या दोन रेघा काढा. त्या समांतर असल्याच पाहिजेत असे नाही. त्यांना कापणारी एक तिरपी रेघ काढा. प्रत्येक छेदनबिंदूपाशी चार, असे एकूण आठ कोन झाले. आता वरच्या चौकातला उजवीकडचा वरचा कोन घ्या आणि खालच्या चौकातलाही उजवीकडचा वरचाच कोन घ्या. दोघांची जागा आपापल्या चौकात एकच आहे. एका गल्लीने दोन रस्ते ओलांडताना दोन्ही चौकांत उजव्या कोपऱ्यावर पानाचे दुकान असावे, तसे. ही संगत कोनांची जोडी. अशा जोड्या चार. दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असलेले जे कोन, ते व्युत्क्रम कोन. एवढी शब्दसंपत्ती आपल्याला पुरे आहे.

येथेच मुलांची वही घसरते. कोणत्याही मुलाला विचारा. तो म्हणेल, ‘संगत कोन समान असतात.’ असतात कुठे? संगत कोन ही नुसती जागेची गोष्ट आहे. दोन रेघा वेड्यावाकड्या कलल्या असल्या, तरी संगत कोनांच्या चार जोड्या असणारच. एक कोन ७० अंशांचा आणि त्याचा जोडीदार ६२ अंशांचा असला, तरी ते संगतच. त्यांची मापे सारखी होणे, म्हणजे ते एकरूप होणे, ही निराळी गोष्ट. ती घडते तेव्हाच रेघा समांतर असतात, आणि रेघा समांतर असतात तेव्हाच ती घडते. या एका वाक्यात दोन वेगळी विधाने आहेत. पुस्तक त्यांना कसोटी आणि गुणधर्म म्हणून वेगळे करते. परीक्षेच्या घाईत मुले त्यांची खिचडी करतात.

पहिले विधान कारागिराचे आहे: कोन सारखे करा, रेघा आपोआप समांतर होतील. कंपासपेटीतल्या दोन गुण्यांचा खेळ आठवा. एक गुण्या घट्ट धरायचा, दुसरा त्याच्या कडेने सरकवायचा आणि प्रत्येक थांब्याला रेघ ओढायची. धरून ठेवलेली कड ही छेदिका. सरकणाऱ्या गुण्याचा कोन तोच राहतो, म्हणून सगळ्या रेघा समांतर येतात.

जिन्याचे उदाहरण तर रोज पायाखालचे आहे. जिन्याची तिरपी कड ही छेदिका, आणि पायऱ्यांच्या आडव्या रेघा तिला एकीमागून एक येऊन मिळतात. पायरीची रुंदी ३० सेंटिमीटर आणि उंची १५ सेंटिमीटर ठेवली, तर हा कोन सुमारे साडेसव्वीस अंशांचा येतो. सेंटरिंगचा जाणता सुतार तो दर पायरीला नव्याने मोजीत बसत नाही. तो प्लायवूडचा एक त्रिकोणी तुकडा त्या कोनाचा कापून घेतो आणि तिरप्या फळीच्या कडेने वर वर सरकवीत खुणा करतो. पहिली पायरी पाणसळीने सपाट झाली की बाकीच्या सगळ्या तिच्याशी समांतर. एखाद्या खुणेला तुकडा दोन अंश हलला, तर ती पायरी कलते, आणि उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच फसतो.

हे मी उगाच लांबवीत नाही. मजुरीच्या अधिसूचनांत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्या असतात आणि माणसाचे वर्षाचे पोट त्या एका शब्दावर अवलंबून असते. एका वाटाघाटीत ठेकेदाराचा माणूस सेंटरिंगच्या सुतारांना खालच्या रकान्यात बसवू पाहत होता. कारण काय, तर यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही आणि हिशेब येत नाही. आमच्यातला एक वयस्क सुतार एवढेच बोलला, ‘सायब, तुम्ही या जिन्यानं रोज वर येता. कधी ठेचाळलात का?’ मी मग तो प्लायवूडचा तुकडा टेबलावर ठेवला आणि पुस्तकातली आकृती त्याच्या शेजारी ठेवली. निम्म्या माणसांना त्या वर्षी कुशलचा दर मिळाला. उरलेल्यांसाठी आणखी दोन बैठका लागल्या. सुताराला ‘छेदिका’ हा शब्द ठाऊक नव्हता. पण शब्द ठाऊक नसणे आणि गोष्ट ठाऊक नसणे यांत फरक आहे, आणि मजुरीच्या टेबलावर त्याची किंमत रुपयांत होते.

आता कोन सारखे असले की रेघा मिळणारच नाहीत, याची खात्री कशावरून? याचा पुरावा कागद-टाचणीने देता येतो. संगत कोन सारखे असले, तर विरुद्ध कोनांच्या नियमाने व्युत्क्रम कोनही सारखे होतात. छेदिकेचा जो तुकडा दोन रेघांच्या मध्ये सापडला आहे, त्याच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचा. आकृतीवर पातळ कागद ठेवून ती उतरवून घ्या आणि तो कागद टाचणीभोवती अर्धा फेरा फिरवा. छेदिका स्वतःवरच बसेल, तुकड्याची टोके अदलाबदल करतील आणि व्युत्क्रम कोन सारखे असल्यामुळे वरची रेघ खालचीवर, खालची वरचीवर चपखल बसेल. आकृती तीच, फक्त उजवे ते डावे झाले. आता क्षणभर धरून चाला की या रेघा उजवीकडे दूर कुठेतरी मिळतात. मग फिरविलेल्या आकृतीने दाखविल्याप्रमाणे त्या डावीकडेही मिळाल्या पाहिजेत. म्हणजे दोन वेगळ्या सरळ रेघा दोन ठिकाणी भेटल्या. हे अशक्य, कारण दोन बिंदूंतून सरळ रेघ एकच जाते. म्हणून त्या उजवीकडे मिळत नाहीत आणि डावीकडेही नाहीत. घराबाहेर पाऊल न टाकता आपण अनंतापर्यंत जाऊन आलो.

दुसरे विधान, म्हणजे रेघा समांतर असतील तर संगत कोन एकरूप असतात, हे दिसायला तितकेच साधे, पण त्याने फार त्रास दिला. युक्लिडला ते सिद्ध करण्यासाठी आपले पाचवे गृहीतक वापरावे लागले, आणि तेही आपल्या पहिल्या भागात २९व्या प्रमेयावर आल्यावर. तोवर त्याने ते बाजूला ठेवले होते. हे गृहीतक बाकीच्यांवरून सिद्ध होईल या आशेने दोन हजार वर्षे विद्वान झटले. १८२९ साली लोबाचेव्हस्की या रशियन गणितज्ञाने आणि १८३२ साली बोल्याई या हंगेरियन गणितज्ञाने दाखविले की ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते. सपाट कागदापुरते म्हणाल, तर युक्लिड खरा. पण पृथ्वी सपाट कागद नाही. नकाशावरची दोन रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात कापतात. दोन्हीकडे ९० अंश, संगत कोन एकरूप, आणि तरीही ती ध्रुवावर जाऊन मिळतात! तेथे टाचणीचा पुरावा मोडतो, कारण गोलावर दोन ‘सरळ’ वाटा खरोखरच दोन ठिकाणी भेटतात.

याच गोल पृथ्वीचे माप या दुसऱ्या विधानाने घेतले गेले आहे, आणि ते काम आपल्या उंबऱ्याशी झाले. १८०२ साली लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासेहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. त्याचा कणा म्हणजे कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची दक्षिणोत्तर रेघ. ती रेघ ७७ अंश ४० मिनिटांच्या रेखावृत्ताच्या आसपास, म्हणजे कळमनुरीच्या पूर्वेस फार तर पस्तीस-चाळीस किलोमीटरवरून जाते. त्या मोजणीचे एक मुख्य ठाणे बीदरजवळ होते आणि दुसरे वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूला. दोहोंच्या अक्षांशांत सुमारे तीन अंशांचे अंतर, आणि आपण त्या दोहोंच्या मध्ये. लॅम्टन काम पुरे होण्याआधी १८२३ साली हिंगणघाटला वारला. पुढचे काम एव्हरेस्टने केले.

ते पाहत काय होते? ओळंबा आणि तारा. तारा इतका दूर की त्याचे किरण दोन्ही ठाण्यांवर समांतर येतात. ओळंबे मात्र समांतर नसतात, कारण दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेले असतात. गवंड्याने दहा मीटर अंतरावरच्या दोन भिंती ओळंब्यात उभ्या केल्या, तर त्यांच्यांतला फरक एका विकलेच्या तिसऱ्या भागाएवढा असतो; त्याची पर्वा कोणी करू नये. पण बीदर आणि एलिचपूर यांच्या ओळंब्यांत तीन अंश पडतात. समांतर किरण आणि न जुळणारे ओळंबे, यांतून पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन निघतो. जमिनीवरचे अंतर साखळीने आणि त्रिकोणांनी मोजले की गोलाचे माप हाती.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने ईजिप्तमध्ये हेच सावलीने केले होते. सूर्य सायीन गावात माथ्यावर असताना अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कललेला असतो, एवढ्यावर त्याने पृथ्वीचा परीघ काढला. आपल्यालाही ते करता येईल, आणि कळमनुरीची जागा त्यासाठी विलक्षण सोयीची आहे. आपला अक्षांश सुमारे १९ अंश ४० मिनिटे. मेच्या १८-१९ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २४-२५ तारखेच्या सुमारास भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्ली जवळजवळ आपल्या थेट उत्तरेस आहे, म्हणून तिथली मध्यान्हही त्याच मिनिटाला होते.

त्या वेळी आपला किरण काठीतून सरळ खाली पृथ्वीच्या मध्याकडे जातो. दिल्लीचा किरण त्याला समांतर. दिल्लीची उभी काठी खाली वाढविली, तर तीही पृथ्वीच्या मध्याला पोहोचते. ही वाढविलेली काठी म्हणजे छेदिका. ती काठीच्या टोकाशी दिल्लीच्या किरणाला कापते आणि पृथ्वीच्या मध्याशी कळमनुरीच्या किरणाच्या रेघेला. दोन्ही ठिकाणी सूर्याच्या बाजूचे, वरचे कोन घ्या. ते संगत कोन, आणि किरण समांतर म्हणून एकरूप. काठी आणि सावलीचे टोक यांवरून मोजतो तो कोन त्याचाच विरुद्ध कोन. म्हणजे दिल्लीच्या अंगणात मोजलेला कोन हाच पृथ्वीच्या पोटातला, जेथे कोणी जाऊ शकत नाही तेथला कोन. तो सुमारे ९ अंश येतो. ९ अंश म्हणजे वर्तुळाचा चाळिसावा भाग. कळमनुरी ते दिल्ली हे सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. त्याची चाळीस पट, ४० हजार किलोमीटर, हा पृथ्वीचा परीघ.

दिल्लीत याला साजेशी जागाही आहे. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास बांधविलेला जंतरमंतर तेथे उभा आहे, आणि त्याच जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला. युक्लिड आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

साहित्य फारसे लागत नाही. एक मीटरची सरळ काठी, ती उभी आहे ना हे पाहायला ओळंबा आणि एक टेप. मे महिन्यात मध्यान्ह येथे १२ वाजून १७ मिनिटांच्या आसपास होते, म्हणून बारापासूनच दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करीत राहावे. ज्याचे कोणी दिल्लीत नोकरीला असेल, त्याने त्याच दिवशी तेथेही काठी रोवायला सांगावे. येथे सावली काठीच्या बुडाशी मिटेल, तेव्हा तेथे एक मीटर काठीची सावली सोळा सेंटिमीटरच्या जवळपास भरेल.