घायपाताचा ब्रिटनमधील हिवाळा

महाराष्ट्राच्या पठारी भागात शेताच्या बांधांवर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला वाढणारे घायपात, ज्याला काही भागांत केकताड म्हणतात, हे कुंपणाचे आणि वाखाचे झाड म्हणून सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही आणि ते मरेल अशी धास्तीही कोणाला वाटत नाही. या नावाखाली मोडणाऱ्या जातींपैकी अगेव्ह अमेरिकाना ही मूळची मेक्सिकोकडील जात सोळाव्या शतकात युरोपात पोहोचली, आणि तेथे, विशेषतः ब्रिटनमध्ये, तिला हिवाळ्यातून पार नेणे हा बागकामातला एक स्वतंत्र अभ्यासविषय होऊन बसला. एकाच वनस्पतीला एका देशात दुर्लक्ष मानवते आणि दुसऱ्या देशात पांघरूण लागते, याचे कारण केवळ तापमानात शोधले तर ते हाती लागत नाही.

थंडी सोसण्याच्या क्षमतेनुसार वनस्पतींची प्रतवारी करणारी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची श्रेणीपद्धत ब्रिटनमध्ये प्रचलित आहे. तिच्यातील ‘एच 3’ या श्रेणीत साधारण 1 ते उणे 5 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरणाऱ्या, म्हणजे अर्धशीतसहिष्णू वनस्पती येतात. सौम्य हिवाळ्यात त्या उघड्यावर टिकतात, कडक हिवाळ्यात त्यांना आसरा द्यावा लागतो. घायपात याच सीमेच्या आसपासचे आहे. मुळांशी कोरडे असलेले जून झाड उणे 5 च्याही काहीसे खालचे तापमान थोडा वेळ सोसते, तर कोवळे रोप किंवा पानांवर पिवळे पट्टे असलेला शोभेचा प्रकार त्याआधीच बळी पडतो. त्यामुळे रोपासोबत मिळणाऱ्या चिठ्ठीवरील एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण तो आकडा ओल, वारा, गारठ्याचा कालावधी आणि झाडाचे वय यांविषयी काहीच सांगत नाही.

घायपात ही मांसल वनस्पती आहे, म्हणजे ती पानांच्या जाड गरात पाण्याचा साठा करते, आणि थंडीत हाच साठा अडचणीचा होतो. तापमान गोठणबिंदूखाली गेले की बर्फाचे स्फटिक सहसा आधी पेशींच्या आत नव्हे, तर पेशींच्या मधल्या पोकळ्यांत तयार होतात. हा बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो, पेशी आकसते, तिच्यातील द्रावण घट्ट होत जाते, आणि हे निर्जलीकरण मर्यादेपलीकडे गेले की पेशीभोवतीचे नाजूक पटल निकामी होते. दुष्काळ सोसण्यासाठी घडलेल्या वनस्पतीला गारठाही पाणी हिरावूनच मारतो, ही यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. स्फटिक प्रत्यक्ष पेशीच्या आत तयार झाले तर मात्र ती पेशी वाचत नाही. शरद ऋतूतील रात्री क्रमाक्रमाने थंड होत गेल्या, तर पेशींतील पाण्याचे प्रमाण घटते, विरघळलेल्या शर्करादी पदार्थांचे प्रमाण वाढते आणि झाड गारठ्याला सरावते. उन्हाळा सरतानाही भरपूर पाणी आणि नत्रयुक्त खत मिळालेले झाड लुसलुशीत राहते आणि या सरावाला मुकते. म्हणून हिवाळी संरक्षणाची तयारी खऱ्या अर्थाने ऑगस्टमध्येच, हात आखडता घेण्यापासून, सुरू होते.

हवेचे तापमान आणि पानाचे तापमान एकच असते असे नाही. निरभ्र, निवांत रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. महाबळेश्वरात पारा शून्याच्या वर असतानाही वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठलेले आढळतात, ते याच प्रक्रियेमुळे. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीच्या पायथ्याशी लावलेले घायपात ब्रिटनमध्ये अधिक सुरक्षित राहते, कारण अशी भिंत दिवसा ऊन साठवते, रात्री ते परत देते आणि पानांपुढचे उघडे आकाश काही प्रमाणात झाकते. शिवाय जाड पान सावकाश थंड होते, त्यामुळे पहाटेचा तास-दोन तासांचा गारठा त्याला फारसा बाधत नाही. दिवसभरही पारा शून्याखाली राहणारे सलग दिवस मात्र घातक ठरतात.

तरीही ब्रिटनमध्ये घायपाताचा मोठा शत्रू गारठा नसून ओल आहे. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि हिवाळा कोरडा, लख्ख उन्हाचा असतो. दख्खनचे वेळापत्रकही जवळजवळ तसेच असल्याने हे झाड येथे परके असूनही रुळले. ब्रिटनमध्ये हिवाळाच ओला असतो, डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासही भरत नाही, वाढ थांबलेल्या झाडाला पाणी शोषायचे नसते आणि जमीन मात्र चिंब असते. मुळे कुजू लागतात, पानांच्या बेचक्यांत साचलेले पाणी गोठते आणि तेथील जखमांतून बुरशी आत शिरते. म्हणून जमीन उंचवट्याची किंवा उताराची निवडून तिच्यात खडी आणि भरड वाळू सढळ हाताने मिसळणे, रोप किंचित कलते लावणे आणि हिवाळ्यात त्यावर काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे, बाजूंनी मोकळे छप्पर उभारणे, हे उपाय कोणत्याही पांघरुणापेक्षा अधिक मोलाचे आहेत.

पांघरूण लागतेच, पण ते नंतर. बागकामाचे फ्लीस हे न विणलेले, हलके कृत्रिम कापड हवा खेळती ठेवून पानांचे तापमान एक-दोन अंशांनी सावरते, आणि त्याचे दोन-तीन थर दिल्यास आणखी थोडा आधार मिळतो. पाने वर उचलून बांधली की कोंब झाकला जातो, मात्र टोकांचे काटे पाहता हे काम जाड हातमोजे घालूनच करावे लागते. बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट पानांभोवती गुंडाळण्याचा मोह अनेकांना होतो. त्याखाली बाष्प साचते आणि गारठ्यातून वाचलेले झाड कुजून जाते. ते प्लास्टिक कुंडीभोवती गुंडाळणे अधिक शहाणपणाचे, कारण कुंडीतील मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही. कुंडी आत नेता येत असेल तर भरपूर उजेड, 5 अंशांच्या आसपास तापमान आणि जवळजवळ शून्य पाणी एवढे पुरते. तापवलेल्या, अंधाऱ्या खोलीत पाने फिकट आणि लांबट होतात.

एवढे करूनही काही हिवाळे हिशेब चुकवतात. कॉर्नवॉलच्या टोकापासून सुमारे 45 किलोमीटरवर असलेल्या सिली बेटांपैकी ट्रेस्को येथे ऑगस्टस स्मिथ यांनी 1834 पासून उभारलेली बाग समुद्राच्या उबेमुळे अशा वनस्पतींसाठी प्रसिद्ध झाली, पण जानेवारी 1987 मधील बर्फाने आणि कडाक्याच्या थंडीने तिचेही अतोनात नुकसान केले. डिसेंबर 2010 मध्येही ब्रिटनभर गोठवणारी थंडी दीर्घकाळ टिकली.

अशा थंडीनंतर बाहेरची पाने काळी, पिचपिचीत होऊन लोळतात आणि मालक झाड उपटून टाकतो, जे बहुधा घाईचे असते. वाढीचा बिंदू मधल्या, एकमेकांत घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या सुळक्यात असतो आणि बाहेरच्या पानांमागे तो अनेकदा शाबूत राहतो; हा सुळका हाताला टणक लागत असेल तर सडलेला भाग कोरड्या दिवशी कापून वसंतापर्यंत थांबणे योग्य. तो सहज निखळून हातात आला तर ते खोड गेले असे समजावे, मात्र जमिनीखालून फुटणारी पिले, म्हणजे नवी रोपे, जिवंत असू शकतात. जाणकार मुळात उन्हाळ्यातच एक-दोन पिले वेगळी करून कुंडीत लावतात आणि त्यांना हिवाळाभर घरात ठेवतात.