नरईची ती रात्र
मी गढ्यात राहते, ऑफिसात एक विभाग सांभाळते. नव्या टीम लीडरला मी आधी राणी दुर्गावतीची गोष्ट सांगते. पती दलपतशाहनंतर चंदेल घराण्यातल्या या राणीने इथलंच गोंडांचं राज्य चालवलं. दिवाण आधार कायस्थ, सैन्यात अफगाण सरदारही. १५६४ मध्ये मुघलांविरुद्धच्या नरईच्या लढाईत, मुघल दरबारचा इतिहासकार अबुल फजल लिहितो, तिने रात्रीच छापा घालायचं सुचवलं; सरदारांनी मानलं नाही. सकाळी मुघलांच्या तोफा आल्या. तरी ती आपल्या त्याच सरदारांसोबत हत्तीवरून लढली. राग आला असणारच! तो तिने आपल्या माणसांवर काढला नाही, हे मला तिच्या शौर्याइतकंच मोठं वाटतं.

म्हणून मीटिंगमध्ये कुणी माझं म्हणणं खोडलं, की मी पेन खाली ठेवते, एक लांब श्वास घेते आणि विचारते, ‘तुम्हाला काय दिसतंय?’ जो सगळ्यात गप्प असेल, त्याला आधी.