काटकसरीचा हिशेब

कोप्पीकर रोडवरील एखाद्या जुन्या कापडदुकानात दिवाळीच्या सुमारास गेल्यास नव्या वह्यांचे पूजन पाहावयास मिळते. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस खर्च. अखेरीस काय उरले एवढे पाहिले की दुकानदाराचे काम भागते. सरकारचे तसे भागत नाही. खर्च कमी केल्याने किती रुपये वाचले हे वहीत दिसते. त्यापायी कोणाचे काय गेले, हे त्या वहीत उतरत नाही. ते शोधण्यास निराळा तपासनीस लागतो. असा तपास आपल्या मुलखाच्या संदर्भात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी झाला.

१८७६ साली पाऊस फसला आणि दख्खन, कर्नाटक व मद्रास इलाखा दुष्काळाच्या दाढेत सापडले. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. हिंदुस्थान सरकारने पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांस धाडले. याच टेंपलसाहेबांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून हात सैल सोडला होता. तेथे उपासमारीने फार थोडी माणसे दगावली. तरी त्यांच्या वाट्यास शाबासकीपेक्षा उधळेपणाचा ठपकाच अधिक आला. खर्चलेला रुपया मोजला गेला, वाचलेला जीव मोजला गेला नाही! साहेबांनी यातून जो धडा घेतला, तो मात्र गरिबांस भोवला.

१८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी खाली आणण्याचा आग्रह धरला. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. घरी आईला विचारा, एवढ्या पिठाच्या चार-पाच भाकरी होतील. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची, माती वाहावयाची.

मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. या वेळी पुण्याची सार्वजनिक सभा पुढे सरसावली. ही सभा १८७० साली स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी तिचे चालक आणि महादेव गोविंद रानडे तिचे मार्गदर्शक. सभेने दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतून माहिती गोळा करविली आणि ती सरकारकडे वेळोवेळी पाठविली. तिकडे मद्रासेत आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही असे साधार मांडले, आणि तेथील दर त्याच वर्षी वाढवावा लागला. अधिकार हाती नसता सभेने केलेली ही कामगिरी माझ्या मते तिच्या कोणत्याही ठरावाहून मोठी आहे.

१८८१ च्या जनगणनेत धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली. काटकसरीचा खरा आकडा शोधावयाचा तर तो या घटीतही शोधावा लागेल, जरी सारा दोष एका मजुरीच्या दरावर टाकणे न्याय्य नव्हे. पुढे दुष्काळ आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल आला व दुष्काळसंहिता तयार झाल्या. हुबळीस आगगाडी आणणारी सदर्न मराठा रेल्वेही दुष्काळनिवारणाच्या हेतूनेच पुढे रेटली गेली.

आज हे काम संविधानाच्या १४८ ते १५१ या अनुच्छेदांनी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांजकडे सोपविले आहे. पैसा नियमाने खर्च झाला का, एवढेच ते पाहत नाहीत. योजनेचा हेतू साधला का, हेही तपासतात. महाराष्ट्रातील जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. भूजलाची पातळी वाढविण्यात तिचा फारसा परिणाम झाला नाही, असा त्यांचा अहवाल २०२० साली विधिमंडळापुढे आला. अहवाल विधिमंडळात ठेवले जातात व लोकलेखा समिती त्यांवर अधिकाऱ्यांस जाब विचारते.

२००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तर हीच तपासणी ग्रामसभेकडे दिली. हजेरीपट गावासमोर वाचावयाचा, आणि ज्याचे नाव त्यात आहे त्याने उभे राहून सांगावयाचे, की मी कामावर होतो किंवा नव्हतो, आणि मजुरी मला पोचली किंवा नाही.