दर सारखा, माप निराळें

पुण्यामुंबईच्या घरांत फायबरची तार भिंतीपर्यंत आलेली असते. आजोबांचा हयातीचा दाखला, सुनेचें कचेरीचें काम आणि नातवंडांचा अभ्यास हीं तिच्यावर एकाच वेळीं चालतात. त्याच कुटुंबाच्या कोंकणांतील मूळ घरीं गरजा याच असतात. पण पुष्कळ वाड्यांत ती तार अद्याप गेलेली नाहीं. तेथें सारी भिस्त मोबाइलच्या लहरींवर. मोबाइलचा दर छापील पत्रकांत बहुधा दोन्हीकडे एकच असतो. मग भेद तो कोठें, असें कोणी विचारील. आम्ही म्हणतों, भेद येथेंच आहे. सारखें दाम घेऊन एकास भरलें माप व दुसऱ्यास अर्धें माप देणाऱ्या वाण्यास आपण प्रामाणिक म्हणत नाहीं.

याचें कारण गूढ नाहीं. शहरांत एका तारेवर एका इमारतींतील अनेक बिऱ्हाडें जोडतां येतात. डोंगरओढे ओलांडून गेलेल्या तारेवर वाडींतलीं दहापांच घरें मिळतात. निव्वळ नफ्याच्या हिशेबानें कोणतीहि कंपनी तिकडे आपण होऊन वळणार नाहीं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत इंटरनेटची सोय शहरांतील शेंकडा ४२ घरांत, तर खेड्यांतील शेंकडा सुमारें १५ घरांतच आढळली. पुढें २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां या अंतराची किंमत लेंकरांनीं मोजली.

सरकारला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणींतून खेड्यांच्या सेवेसाठीं २००२ पासून एक निधि उभारला आहे. २०२३ च्या कायद्यानें तो 'डिजिटल भारत निधि' झाला. ग्रामपंचायती फायबरनें जोडण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली आणि २०१५ पासून ती 'भारतनेट' म्हणून ओळखली जाते. २०२३ सालीं तिच्या सुधारित रूपास १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. परंतु तार पंचायतीच्या कचेरींत आली म्हणजे ती घरांत आली असें होत नाहीं.

शिवाय भरपाईचा नियम पाहा. २०२४ च्या नियमांप्रमाणें सबंध जिल्ह्याची सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली, तर मोबाइलच्या ग्राहकास भरपाई मिळावयाची. एकटें गांव आठवडाभर मुकें राहिलें तर तें या हिशेबांत धरलें जात नाहीं. खेड्याचें दुःख जिल्ह्याच्या सरासरींत बुडून जातें तें असें.

यावर तोड नाहीं काय? १८५४ सालीं या देशांत टपालाचा एकच दर झाला. पाव तोळ्याच्या आंतील पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं हजार मैलांवर, हांशील अर्धा आणाच. दूरच्या पत्राचा अधिक खर्च जवळच्या पत्रांनीं उचलला, आणि त्यांत कोणास अन्याय वाटला नाहीं. इंटरनेटलाहि हाच न्याय लावला पाहिजे.

यास्तव आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. निधीचा हिशेब जोडलेल्या पंचायतींवर न करतां जोडलेल्या घरांवर व्हावा. प्रत्येक गांवीं प्रत्यक्ष मिळणारा वेग लोकांस कळेल असा जाहीर व्हावा. आणि सेवा बंद पडल्यास भरपाई गांवाच्या मापानें मिळावी. शहरांत राहणाऱ्या वाचकांनीं हें परक्याचें गाऱ्हाणें समजूं नये. आपलींच वडीलधारीं माणसें त्या घरांत आहेत, आणि उद्यां कोणी तरुण तेथें परतून संसार थाटूं म्हणेल, तर पहिला प्रश्न या तारेचाच असेल.