जलाशयातील मासेमारी : स्वनियमन आणि सहव्यवस्थापन
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील आहेत. त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यात सोमावलसारख्या वसाहतींत झाले. काही कुटुंबे मात्र वाढत्या पाण्यासोबत डोंगरावर सरकत मूळ गावाच्या परिसरातच राहिली. वाहत्या नर्मदेच्या जागी जलाशय आला आणि काठावरील आदिवासींनी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था स्थापन करून त्यात उपजीविका शोधली. या जलाशयातील माशांवर हक्क कोणाचा आणि ते टिकविण्याचे नियम कोणी करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे मांडले की, सामायिक संपत्तीचा प्रत्येक जण स्वतःपुरता जास्तीत जास्त लाभ घेतो आणि शेवटी ती संपत्तीच नष्ट होते. यावर खासगी मालकी किंवा शासकीय नियंत्रण हेच उपाय आहेत, असा समज पुढे दृढ झाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात तिसरा मार्ग दाखविला. ज्याला कोणीही धनी नाही अशी संपत्ती आणि ज्याला अनेक जण मिळून धनी आहेत अशी संपत्ती, यांत मूलभूत भेद आहे. दुसऱ्या प्रकारात वापरणारेच नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्यास दंडही करतात. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सहव्यवस्थापन म्हणजे अशा स्वनियमनास शासनाची मान्यता व साहाय्य मिळणे आणि अधिकाराची वाटणी होणे.

आपल्याकडे याचे उदाहरण म्हणून कोकणातील नारळी पौर्णिमेचा उल्लेख नेहमी होतो. परंतु पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, त्यामागे खवळलेला समुद्र हेही मोठे कारण होते. यांत्रिक नौका आल्यावर केवळ रूढी पुरेशी ठरली नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा आधार घेऊन पावसाळी बंदी लागू करावी लागली. रूढीचे गौरवीकरण करताना ही बाब विसरता कामा नये.

जलाशयाचे वेगळेपण

नदीवर धरण झाले की माशांचे जीवनचक्र बदलते. महाशीराला खळाळते पाणी व दगडगोट्यांचा तळ लागतो. संथ पाण्यात त्याचा टिकाव लागणे कठीण. कटला, रोहू, मृगळ हे मासे जलाशयात चांगले वाढतात, पण त्यांच्या प्रजननास पावसाळ्यातील वाहते पाणी आवश्यक असते. म्हणून मत्स्यबीज बाहेरून आणून सोडावे लागते. खरी अडचण येथेच सुरू होते. एका संस्थेने खर्च करून बोटुकली सोडावी आणि बारीक आसाच्या जाळ्याने दुसऱ्याने ती वाढण्यापूर्वीच काढावी, असे घडले तर पुढील वर्षी बीज कोणीही सोडणार नाही. जाळ्याच्या आसाची किमान मर्यादा, प्रजननकाळात विश्रांती आणि परक्याला अटकाव करण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. यांतील तिसरी नसेल तर पहिल्या दोन कागदावरच राहतात.

नर्मदेचीच उपनदी असलेल्या तवा नदीवरील जलाशयात याचा अनुभव आलेला आहे. मध्य प्रदेश शासनाने १९९६ मध्ये तेथील विस्थापितांच्या ‘तवा मत्स्य संघा’स पाच वर्षांसाठी मासेमारीचा हक्क दिला. त्यापूर्वी तेथे ठेकेदारी होती. संघाने मत्स्यबीज सोडले, प्रजननकाळातील बंदी पाळली आणि चोरट्या मासेमारीविरुद्ध गस्त ठेवली. २००१ मध्ये मुदत वाढली, परंतु २००६ च्या अखेरीस वन्यजीव संरक्षणाच्या कारणास्तव हक्काचे नूतनीकरण झाले नाही. संघाचे व्यवस्थापन ढासळले म्हणून हे घडले नाही. हक्क मुदतीचा होता, म्हणून घडले. पाच वर्षांच्या धन्याकडून वीस वर्षांच्या दूरदृष्टीची अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे?

कायद्याचा आधार आणि त्याची मर्यादा

तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याच्या (१९९६) कलम ४ मध्ये लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद आहे. वनहक्क कायद्याच्या (२००६) कलम ३(१)(घ) मध्ये मासे व जलाशयातील इतर उत्पादने यांवरील सामुदायिक हक्क मान्य केला आहे. हा हक्क ठेक्यासारखा मुदतीचा नाही, हे त्याचे विशेष महत्त्व होय. सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान तलावांसाठी हा आधार पुरेसा ठरू शकतो.

सरदार सरोवराचे तसे नाही. पूर्ण भरल्यावर सुमारे २१४ किलोमीटर पसरणारा हा जलाशय तीन राज्यांत आहे आणि मासा राज्याची सीमा जाणत नाही. नंदुरबारच्या संस्थांनी पाळलेल्या विश्रांतीचा लाभ पलीकडच्या काठाला होणार असेल, तर ती विश्रांती टिकणे कठीण आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते अधिकाराची वाटणी पाण्याच्या स्वरूपाप्रमाणे व्हावी. ओढ्यानाल्यांत शिरलेल्या पाण्याच्या फाट्यांवर त्या त्या गावाची संस्था व ग्रामसभा यांनी नियम करावेत, कारण पावसाळ्यात ओढ्यांचे वाहते पाणी तेथेच उतरते आणि पाळत ठेवणेही तेथेच शक्य असते. मुख्य पात्रासाठी आसाची मर्यादा व बंदीकाळ हे तिन्ही राज्यांतील संस्थांच्या महासंघांनी एकत्र बसून ठरवावेत. जलाशयाची पातळी मात्र सिंचन व वीजनिर्मितीच्या गरजेनुसार ठरते. पाणी झपाट्याने उतरले की उथळ काठावरील अंडी व पिले उघडी पडतात. किमान पाणी सोडण्याचे वेळापत्रक तरी मत्स्य संस्थांना आगाऊ कळविले जावे, ही त्यांतील सर्वांत कमी खर्चाची सुधारणा आहे आणि तिच्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.